पेन्सिलीतली माणसं

आमच्या भागातल्या वाचनालयांनी मिळून एक लेखक-सूची छापली आहे. त्यात टुलोकबाईंच्या वाट्याला साडेतीन ओळी आल्या आहेत. मोरॅग टुलोक. जन्म १९४३, पोर्ट आर्चर. पोस्टमास्तरीण. अविवाहित. प्रकाशित पुस्तक एक: 'वाऱ्याकडे पाठ', कादंबरी, १९८७. त्या ओळी मीच लिहिल्या, त्यामुळे कमी पडल्या म्हणून तक्रार करायची सोय नाही. 'अविवाहित' लिहू का, असं मी फोनवर विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "लिही की. तेवढीच अर्धी ओळ भरेल."

मी ग्लेनिस. पोर्ट आर्चरच्या वाचनालयात एकोणीस वर्षं आहे. पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि मासळीच्या शेडमध्ये कालवं फोडायला लागले. वाचनालयाची जागा निघाली तेव्हा मुलाखतीला मी एकटीच गेले होते, म्हणून निवड झाली. वाचायला शिकले ती तिथंच. म्हणजे अक्षरं आधीही येत होती.

'वाऱ्याकडे पाठ'चं प्रकाशन झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि गावच्या हॉलमध्ये कपबश्या मांडत होते. आमच्याकडे लग्न असो, मयत असो की रग्बीचा सामना, बायका चीझ रोल करतात. त्या दिवशी दोनशे केले होते. माझी आई आयव्ही त्या सगळ्यांवर मुकादम. गावातल्या मुलीनं पुस्तक लिहिलं म्हणून सगळ्यांना कौतुक होतं. बाई तेव्हा चव्वेचाळीसच्या, पण लग्न न झालेली बाई आमच्याकडे मुलगीच राहते. निळा कोट घालून त्या टेबलाशी बसल्या होत्या, पुढ्यात पुस्तकांचा ढीग, हातात टोपण काढलेलं पेन.

डनेडिनहून प्रकाशक आला होता. त्यानं चहाच्या आधी पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर मोठ्यानं वाचला: "किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावानं पोटात दडवलेलं गुपित."

आता लिहिणारी कोण? पोस्टमास्तरीण. पंचवीस वर्षं गावाचं टपाल हिच्या हातून गेलेलं. कुणाला कोर्टाचा कागद आला, कुणाच्या मुलीची ऑकलंडहून येणारी पत्रं थांबली, कुणाला दर महिन्याला गुलाबी पाकीट येतं, सगळं हिला ठाऊक. हॉलमध्ये चहाच्या बंबाचा आवाज तेवढा राहिला. लोकांनी दोनशे चीझ रोल संपवले आणि एकही पुस्तक न घेता घरी गेले.

का नाही घेतलं, ते इथलं माणूसच सांगू शकेल. घेतलं असतं तर 'मी आहे का त्यात' हे बघायला घेतलं, असं दिसलं असतं. आणि बघावंसं वाटलं म्हणजे काहीतरी दडवलेलं असणारच. वाचनालयातून न्यावं, तर काउंटरवर पुस्तक ठेवायचं आणि मागे रांगेत शेजारीण उभी. म्हणून कुणी वाचलं नाही. आत काय आहे, ते मात्र सगळ्या गावाला पाठ.

"त्यातली ती तोंडाळ स्वयंपाकीण म्हणजे मी," आई म्हणाली.

"तू कधी वाचलंस?"

"वाचायला कशाला पाहिजे? नेटानं सांगितलं ना."

नेटा म्हणजे आमच्या शेजारच्या हेक्टर कर्कनेसची बायको. तिच्या मते धक्क्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला डोळे मारणारी बाई म्हणजे ती स्वतः.

आमच्याकडे भांडत नाहीत. भांडण म्हणजे दोन्हीकडून बोलणं आलं. रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, हा आमचा नमस्कार. टुलोकबाईंच्या गाडीला बोट उचललं जाईना. मे महिन्यात बेटांवरून खारवलेल्या मटनबर्ड पक्ष्यांच्या बादल्या आल्या की शेजाऱ्यांच्या पायरीवर दोन-दोन पक्षी ठेवतात. बाईंची पायरी मोकळी राहायला लागली. पुढच्या वर्षी सरकारनं पोस्टच बंद केलं, मग कुणाला त्यांच्या खिडकीशी जायचंही कारण उरलं नाही. एवढंच झालं, पण ते सदतीस वर्षं होत राहिलं. प्रकाशकाचं दिवाळं निघालं आणि उरलेल्या प्रती त्याच्या गॅरेजमध्ये पुराच्या पाण्यात गेल्या. बाईंनी पुढं काही लिहिलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

आमच्या वाचनालयात एक प्रत होती. तीन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेलं पुस्तक फळीवरून काढायचं, असा नियम आहे. ते दाराजवळच्या ट्रॉलीवर जातं, 'घेऊन जा' अशी पाटी असते, आणि कुणी नेलं नाही की रद्दीत. तर तीन वर्षं भरायला महिनाभर असला की टुलोकबाई यायच्या. हातमोजे काढून घडी घालायच्या, सरळ फळीशी जाऊन स्वतःचंच पुस्तक काढून आणायच्या आणि मुदतीत परत करायच्या. शाळा सुटल्यावर आपलं पोर घ्यायला यावं तसं. मी शिक्का मारून द्यायची. कंप्युटर आला तरी पुस्तकाच्या पहिल्या पानावरच्या कागदावर तारखेचा शिक्का मी अजून मारते. तिथं बारा शिक्के होते. बाराही बाईंचे.

मी नोकरीला लागल्यावर त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "तू वाचलंयस का गं हे?"

"हो तर. सुंदर आहे."

"कोणता भाग आवडला?"

"सगळंच, बाई."

"अस्सं," त्या म्हणाल्या आणि हातमोज्यांत एकेक बोट सावकाश घातलं. पुन्हा कधी विचारलं नाही. आई तेव्हा जिवंत होती. ते पुस्तक घरात आणलं असतं तर तिनं मला त्याच्यासकट बाहेर काढलं असतं. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. आता मात्र मला कुणी अडवणारं नव्हतं, म्हणून न वाचण्याला काही निमित्तही उरलं नव्हतं. तरी नाहीच वाचलं.

यंदा ऑगस्टमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, बाई दाराशीच गोठलेल्या दहिवरावर घसरल्या आणि खुबा मोडला. इन्व्हरकार्गिलहून आमच्या साहेबीण ट्रूडी यांची 'काढायच्या पुस्तकां'ची यादी आली, त्यात 'वाऱ्याकडे पाठ' एक्केचाळिसाव्या नंबरावर होतं. पुढच्या शुक्रवारची मुदत. आणि त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला.

"ग्लेनिस, यंदा मला यायला जमायचं नाही."

"कुठं, बाई?"

"तुला ठाऊक आहे कुठं." मग म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी भाचा मला इन्व्हरकार्गिलच्या वृद्धाश्रमात नेतोय. एक विचारते. नाव सांगू नकोस, तुमचे नियम असतात. हो की नाही एवढंच सांग. माझ्याशिवाय कुणी नेलंय का ते कधी?"

खोटं बोलणं सोपं होतं. सवयही होती.

"नाही, बाई."

"बरं. म्हणजे दरवेळी नेऊन मी कुणाचा खोळंबा केला नाही." फोनमध्ये त्यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. "ट्रॉलीवर जाईल ना आता?"

"तुम्हाला आणून देऊ का? घरी ठेवा. आश्रमात न्या."

"नको. घरातलं पुस्तक म्हणजे आपणच आपल्याशी बोलणं. त्याचा मला सराव आहे. ते फळीवर असायला हवं होतं, कुणाच्या तरी हाताला लागेल असं." आणि त्यांनी हवेचा विषय काढला.

शनिवारी बंद करायच्या वेळी मी ते पुस्तक माझ्या कार्डावर घेतलं. काउंटरच्या आतही मी, बाहेरही मी. शिक्का मारताना उगीच इकडंतिकडं पाहिलं. तेरावा शिक्का.

रविवारी दुपारी दक्षिणेचा वारा सुटला होता. आमच्याकडची झाडं जन्मभर त्या वाऱ्याकडे पाठ करून वाकलेली असतात, पुस्तकाचं नाव तिथूनच आलेलं. मी चुलीशी बसून वाचायला घेतलं. आधी पंचवीस पानं मी आईला शोधत होते. तोंडाळ स्वयंपाकीण कुठंच नव्हती. डोळे मारणारी नव्हती. आमच्यातलं कुणीसुद्धा नव्हतं. दीपगृहाच्या रखवालदाराची एक विधवा होती. तिला कधीच पत्र येत नाही, म्हणून ती स्वतःला पत्रं लिहून पोस्टात टाकते, आणि पोस्टातली माणसं सगळं कळूनही तिच्या हातात ती अदबीनं देतात. गावानं पोटात दडवलेलं गुपित ते हे. मी पुस्तक मांडीवर ठेवलं. दोनशे चीझ रोल, सदतीस वर्षं, आणि हे!

अठ्ठ्याऐंशीव्या पानावर पेन्सिल सुरू झाली.

पहिल्यांदा मला राग आला. वाचनालयाच्या पुस्तकावर कुणी लिहिलं की माझं डोकं फिरतं. अक्षर बारीक, सरळ, पोस्टातल्या पावतीवर असायचं तसं. एखादा शब्द खोडलेला, वर दुसरा. पुढं ओळी वाढत गेल्या, समासात चढल्या, पानाच्या तळाशी वळल्या. कडेला लहानशी तारीख. १९९०. १९९३. दर खेपेची वेगळी. बाई पुस्तक नुसतं जगवायला नेत नव्हत्या.

छापलं होतं, "हॉलमध्ये बायका चहा ओतत होत्या." त्याच्यापुढं पेन्सिलीनं: "त्यातली आयव्ही हसायला लागली की आधी खांदे हलायचे आणि आवाज मागाहून यायचा, लांबच्या तोफेसारखा. तोवर सगळी वाट बघत थांबायची."

माझी आई अशीच हसायची. मी विसरले होते. शेवटची वर्षं दम्यानं तिचे नुसते खांदे हलायचे, आवाज आलाच नाही, आणि मला तेवढंच आठवत राहिलं होतं. चुलीवर बटाटे करपले.

मग मी घाईनं पानं उलटली. शाळामास्तर होता, रोज शिंक अडवणारा. मटनबर्डची बादली सायकलला लावून येणारा बिली होता. एकशे बाराव्या पानावर, छापील विधवा धक्क्यावर एकटी उभी असते, तिच्या शेजारी पेन्सिलीतली नेटा येऊन उभी राहिली होती: "निळा स्वेटर घालून ती हेक्टरची बोट दिसेपर्यंत विणत राहायची, आणि बोट दिसली की विणकाम पाठीमागं लपवायची, जशी काही आत्ताच आली." शेवटच्या प्रकरणात मी सापडले. वाचनालयातली ग्लेनिस. "न वाचलेल्या पुस्तकाला सुंदर म्हणते, वाईट वाटू नये म्हणून. हात कालवं फोडून फोडून कापलेले, पण पानं हळू उलटते." तारीख मी नोकरीला लागले त्याच वर्षाची.

मंगळवारी मी चीझ रोल केले, आईच्या डब्यात भरले आणि बाईंकडं गेले. घरात खोकी बांधून ठेवली होती. बाई खिडकीशी खुर्चीत, पुढं चालायची चौकट.

"हे काय?" डब्याकडं पाहून त्या म्हणाल्या. "मेले की काय मी?"

"वाचलं, बाई."

त्यांनी डबा मांडीवर घेतला. उघडला नाही.

"कोणतं? छापलेलं की..."

"दोन्ही."

"मग आता सांग. कोणता भाग?"

"आईचं हसणं."

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. "ते जमायला दोन खेपा लागल्या," त्या म्हणाल्या. "आधी मी वीज आणि गडगडाट लिहिलं होतं. विजेसारखी कुठली ती! पुढच्या खेपेला खोडलं. मधली तीन वर्षं सारखं टोचत होतं."

"गाव तुमच्याशी असं वागलं, तरी तुम्ही सगळ्यांना का घातलंत त्यात?"

"सगळी म्हणत होती ना, आम्ही आहोत त्यात. नव्हती गं. मला वाटलं, कधीतरी शोधायला येतील आणि सापडली नाहीत तर बिचाऱ्यांना वाईट वाटेल." डब्याचं झाकण त्यांनी अंगठ्यानं दोनदा वर केलं, खाली केलं. "आणि संध्याकाळी कुणीतरी लागतंच."

मी त्यांना सांगितलं, ट्रूडींना कळवलं तर ते पुस्तक मुख्य वाचनालयात काचेच्या कपाटात ठेवतील. लेखिकेच्या हस्ताक्षरातल्या दुरुस्त्या, एकमेव प्रत. जपून राहील.

"कुलूप असतं त्याला?"

"असतं. आधी अर्ज करायचा, मग पांढरे हातमोजे घालून बघायला देतात."

"अर्ज कोण करेल?"

मी शेजारच्या खोक्याची दोरी घट्ट करायला लागले.

"मग तुझी ट्रॉली बरी," बाई म्हणाल्या. "तिथं निदान उचलून बघतात." आणि मग एकदम लहान मुलीसारखं, "फळीवर नाहीच का ठेवता यायचं?"

माझ्या कार्डावर गेल्यामुळं ते यादीतून सुटलं होतं. पण परत आलेलं पुस्तक तपासून 'स्थिती' असा एक रकाना भरावा लागतो. लिहिलेलं, रेघोट्या ओढलेलं पुस्तक सरळ बाद. बाईंनी परत केलेल्या या पुस्तकाचा रकाना आजवर मी ते न उघडताच भरत आले होते. शुक्रवारी मी त्या रकान्यात 'उत्तम' असं भरलं. माझ्या इतर खोट्यांच्या मानानं हे बरंच खरं होतं.

पण फळीवर ठेवून काय होणार? बाई होत्या तोवर त्या न्यायच्या. आता मी तीन वर्षांनी पुन्हा नेणार, आणि त्यानंतर पुन्हा मीच. म्हणजे नुसती माणसाची बदली. बाईंनी मागितलं होतं ते हे नव्हे.

हेक्टर दर शुक्रवारी येतो. वय त्र्याऐंशी, मोठ्या टाइपातल्या घोडेस्वारांच्या गोष्टी नेतो, एकच गोष्ट तीनदा नेली तरी त्याला कळत नाही. नेटा जाऊन चार वर्षं झाली. मी त्याच्यापुढं 'वाऱ्याकडे पाठ' ठेवलं.

"हे न्या, हेक्टर."

त्यानं नाव वाचलं आणि हात मागं घेतला. "ए पोरी, डोकं फिरलं का? नेटाची बदनामी आहे त्यात."

"तुम्ही वाचलंय?"

"मी कशाला वाचू? नेटा सांगायची."

"नेटानं वाचलं होतं?"

"तिला तुझ्या आईनं सांगितलं."

"माझ्या आईला नेटानं सांगितलं होतं."

हेक्टरनं टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"एकशे बारावं पान," मी म्हणाले. "पेन्सिलीतलं. नेटा आहे तिथं. धक्क्यावर उभी आहे."

"कशाला?"

"तुमची वाट बघायला."

त्यानं मागं पाहिलं. रांगेत कुणी नव्हतं. असतं कोण! त्या काळातलं आता तसं कुणी उरलेलंच नाही. मी चौदावा शिक्का मारला. त्यानं पुस्तक पिशवीत कोबीच्या खाली घातलं.

तीन आठवड्यांची मुदत. तो पाचव्या आठवड्यात आला. मधल्या एकाही शुक्रवारी आला नव्हता. पुस्तक काउंटरवर ठेवलं, म्हणाला, "चष्मा बदलायला हवा," आणि घोडेस्वारांची गोष्ट न घेताच गेला. खिडकीतून दिसलं, गाडीत बसून राहिला होता. बऱ्याच वेळानं गाडी सुरू केली.

मी एकशे बारावं पान काढलं. बाईंच्या ओळीतला 'निळा' एका जाड रेघेनं खोडला होता, आणि वर थरथरत्या मोठ्या अक्षरांत, पेनानं: "हिरवा."

संध्याकाळी साडेचारला मी आश्रमात फोन लावला. त्या वेळी त्यांच्याकडं चहाची गाडी फिरते, मागे भांड्यांचा आवाज येत होता. बाईंचा आवाज बारीक झाला होता.

"कशी आहे खोली?"

"खिडकी आहे. खाली गाड्या लावतात. पांढऱ्या जास्त. जेवायला टेबलावर तिघी आहेत, दोघींना ऐकू येत नाही, तिसरी बोलत नाही. मी रुळले लगेच. काय काम काढलंस?"

"बाई, कुणीतरी नेलं होतं. तुमच्या-माझ्याशिवाय. परत आलं आज."

पलीकडं चहाच्या गाडीची चाकं लांब गेली.

"वाचून?"

"एकशे बाराव्या पानावर दुरुस्ती आहे. निळा स्वेटर खोडून हिरवा केलाय. नाव सांगता येत नाही, नियम..."

"राहू दे तुझा नियम. हिरवा म्हणणारा माणूस जगात एकच आहे." मग म्हणाल्या, "पेन्सिलीनं केलाय की पेनानं?"

"पेनानं."

"पेनानं," त्या म्हणाल्या. "बघ. मला एवढी खात्री कधी नव्हती कशाचीच."

"मग कोणता होता, बाई?"

"निळा. तो बोटीवर असायचा, तिथून त्याला काय रंग दिसणार? मी पोस्टाच्या खिडकीतून रोज बघायचे. सहा वर्षं. निळाच होता." बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. "पण बायको त्याची. राहू दे हिरवा."

मला वाटलं, फोन ठेवला त्यांनी. मग पुन्हा आवाज आला.

"आणखी कुणी विचारलं का गं?"

"अजून नाही, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या. "फळीवर आहे ना? मग घाई नाही."